स्पाइस प्रणालीचे इशारे आणि नवशिका वाचक : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

पदवी स्तरावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापनात सर्किट सिम्युलेशनचा, म्हणजेच प्रत्यक्ष जोडणी न करता परिपथाचे वर्तन संगणकाकरवी गणिताने काढून पाहण्याच्या पद्धतीचा अंतर्भाव होऊन बराच काळ लोटला आहे. प्रयोगशाळेत ब्रेडबोर्डशेजारी संगणक आला आणि सोल्डरिंगच्या वासाबरोबरच पडद्यावरील आलेखही विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. पीस्पाइस, एलटीस्पाइस, एनजीस्पाइस ही या प्रणालींची प्रचलित नावे होत. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पात विकसित झालेली ई-सिम ही मुक्त प्रणालीदेखील परिपथ रेखाटण्यासाठी कायकॅडचा आणि गणनेसाठी एनजीस्पाइसचाच आधार घेते. नावे वेगळी असली तरी या सर्वांचे गोत्र एकच आहे, ते म्हणजे स्पाइस.

या प्रणालींवर जे लेखन होते ते प्रामुख्याने त्यांच्या उपयोगाविषयी असते. परंतु या प्रणाली वापरकर्त्याशी बोलतात, त्याला इशारे देतात, काही वेळा काम करण्यास नकार देतात, आणि हे सर्व त्या भाषेतून करतात. ही भाषा कोणासाठी घडली, ती नेमके काय सांगते आणि कोणत्या गोष्टींविषयी मौन पाळते, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात या संदेशांकडे एक मजकूर म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. स्पाइसचा इशारा हा परिपथाविषयीचा अभिप्राय नसून समीकरणांविषयीचा अभिप्राय असतो, ही गोष्ट नवशिक्या विद्यार्थ्यास कोणी स्पष्टपणे सांगत नाही. परिणामी इशारा वाचण्याऐवजी तो घालविण्याचे शिक्षण त्यास मिळते, आणि इशारा गेला म्हणजे परिपथ बरोबर झाला अशी त्याची समजूत होते. ही समजूत किती महाग पडू शकते, हे पुढे एका साध्या रेक्टिफायरच्या उदाहरणावरून दिसून येईल.

संदेशांचा पूर्वेतिहास :

स्पाइसचा जन्म कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील परिसरात झाला. लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध केलेली ही प्रणाली १९७३ साली जाहीर झाली. तिची दुसरी आवृत्ती १९७५ ची. तिसरी आवृत्ती थॉमस क्वार्ल्स यांनी सी भाषेत नव्याने लिहिली व ती १९८९ मध्ये आली. स्पाइसच्या आधी त्याच विभागात रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातून ‘कॅन्सर’ नावाची प्रणाली तयार झाली होती. त्या मानाने ‘स्पाइस’ हे नाव फारच सौम्य म्हणावे लागेल!

नावातील मधला शब्द ‘इंटिग्रेटेड सर्किट’ हा आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. ही प्रणाली एकात्मिक परिपथांची रचना करणाऱ्या तज्ज्ञांसाठी होती. परिपथाचे वर्णन छिद्रित कार्डांवर टंकित करावयाचे, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यावयाचा आणि काही काळाने छापील कागद हाती घ्यावयाचा, असा तो काळ होता. आजही स्पाइसच्या मजकुरास ‘डेक’ व त्यातील ओळीस ‘कार्ड’ म्हणण्याची पद्धत जुन्या पुस्तकांत आढळते. छापील कागदावर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ एवढे दोन शब्द दिसले तरी त्या वाचकास ते पुरेसे होते, कारण मॅट्रिक्स कशी तयार होते हे त्यास ठाऊक होते. तोच संदेश आज द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे येतो. वाचक पूर्णपणे बदलला, मजकूर मात्र जवळजवळ तसाच राहिला. हा दोष मूळ रचनाकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पन्नास वर्षांत चित्रमय पडदे, रंगीत आलेख आणि माउसने परिपथ काढण्याच्या सोयी ज्यांनी जोडल्या, त्यांनी या दोन शब्दांकडे लक्ष दिले नाही, ही तक्रार अधिक न्याय्य आहे.

‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ या संदेशाचा अर्थ :

हा संदेश इतर विषयांच्या प्राध्यापकांसही कळू शकेल इतका मुळात सोपा आहे. दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे सोडविताना निश्चयक शून्य आला तर एकमेव उत्तर मिळत नाही, हे विद्यार्थी शिकलेला असतो. स्पाइस परिपथातील प्रत्येक नोडसाठी, म्हणजे तारा जिथे मिळतात त्या बिंदूसाठी, एक समीकरण मांडते. समजा, दोन नोड आहेत आणि त्यांच्यामध्ये १ किलोओहमचा एकच रोध आहे. त्याची वाहकता १ मिलिसीमेन्स. पहिल्या समीकरणातील सहगुणक १ आणि उणे १, दुसऱ्यातील उणे १ आणि १. निश्चयक काढला असता १ वजा १, म्हणजे शून्य येतो. याचा अर्थ असा की दोन नोडमधील फरक काढता येतो, परंतु प्रत्येक नोडचे स्वतंत्र व्होल्टेज काढता येत नाही. कळसूबाईची उंची १६४६ मीटर असे आपण म्हणतो ते समुद्रसपाटी शून्य मानून. शून्य कोठे मानावयाचे तेच सांगितले नाही तर उंचीस अर्थ राहत नाही. स्पाइसमध्ये ही समुद्रसपाटी म्हणजे ‘शून्य’ क्रमांकाचा नोड, आणि आकृतीत ती ग्राउंडच्या चिन्हाने दाखविली जाते.

तथापि ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ या एकाच संदेशाआड दोन अगदी परस्परविरुद्ध कारणे दडलेली असतात, आणि येथेच टीकेस खरी जागा आहे. पहिले कारण वर सांगितले, म्हणजे माहिती कमी पडणे. परिपथाचा एखादा भाग शून्य नोडपासून पूर्णपणे तुटलेला असतो, अथवा दोन कपॅसिटर एकामागे एक जोडल्याने त्यांच्यामधील नोडला एकदिश धारेचा मार्गच उरत नाही. दुसरे कारण माहिती जादा होणे. व्होल्टेज स्रोतास आदर्श इंडक्टर थेट समांतर जोडला की एकदिश विश्लेषणात इंडक्टर म्हणजे साधी तार ठरते. तेथील व्होल्टेज स्रोतही ठरवितो आणि तारही ठरविते. दोघांचे मत जुळले तरी एक समीकरण निरर्थक होते, न जुळले तर उत्तरच संभवत नाही. निश्चयक मात्र दोन्ही प्रसंगी शून्यच! पहिल्या दोषावर उपाय म्हणजे काहीतरी जोडणे, दुसऱ्यावर उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये थोडा रोध घालून त्यांना सोडविणे. ताप हे एकच लक्षण सांगून रोगाचे नाव न सांगणाऱ्या वैद्यासारखी ही गत आहे.

या बाबतीत पीस्पाइसची भाषा निश्चितच वरचढ आहे. गणनेस आरंभ करण्यापूर्वीच ती परिपथाची जोडणी तपासते आणि अमुक नोड तरंगता आहे, अथवा अमुक स्रोत व इंडक्टर यांचे वेटोळे झाले आहे, असे दोन स्वतंत्र संदेश देते. एलटीस्पाइसही तरंगत्या नोडचे नाव सांगते. शिवाय एकेकट्या इंडक्टरला ती गुपचूप १ मिलिओहमचा रोध बहाल करते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा दोष बहुधा उद्भवतच नाही. ही सोय उपयुक्त आहे यात शंका नाही. पण विद्यार्थ्याने न काढलेला रोध त्याच्या परिपथात आहे, हे त्यास कळत नाही, हेही तितकेच खरे. एनजीस्पाइस संशयित नोडचे नाव सांगून थांबते. ई-सिम वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्यास हीच भाषा येते. आणि हे नाव पुष्कळदा प्रणालीनेच दिलेले असते, त्यामुळे आकृतीत तो नोड कोठे आहे हे शोधण्यापासूनच त्याची तयारी असावी लागते.

ब्रिज रेक्टिफायर : एका इशाऱ्याची कथा

आता वर उल्लेखिलेल्या रेक्टिफायरकडे वळू. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक फिल्टर कपॅसिटर आणि एक रोध, इतकाच हा परिपथ. ब्रेडबोर्डवर तो विद्यार्थ्याने अनेकदा जोडलेला असतो आणि तेथे ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूस कोणतेही ग्राउंड न जोडता तो व्यवस्थित चालतो. म्हणून संगणकावर काढताना तो प्राथमिक बाजूस खालच्या टोकाला ग्राउंड देतो व दुय्यम बाजू तशीच सोडतो. प्रत्यक्षात यात चूक काहीच नाही. ट्रान्सफॉर्मरचा उद्देशच दोन बाजू अलग ठेवण्याचा असतो. स्पाइस मात्र तक्रार करते, कारण दुय्यम बाजूचे संपूर्ण बेट शून्य नोडपासून तुटलेले आहे.

येथे एक भाषिक घोटाळाही आड येतो. मराठी घरात ‘अर्थिंग’ हा शब्द सुरक्षिततेशी निगडित आहे. जमिनीत पुरलेली पट्टी, तिसऱ्या पिनची हिरवी वायर, शॉक बसू नये म्हणून केलेली व्यवस्था, असे त्याचे चित्र मनात असते. ग्राउंडचे चिन्ह पाहताच विद्यार्थी त्यास अर्थिंग समजतो. अर्थिंग जितके जास्त तितके चांगले, हा व्यवहारातील समज तो आकृतीतही नेतो. वास्तविक स्पाइसमधील ग्राउंड हे संरक्षण नसून केवळ मोजमापाचे शून्य आहे, आणि आकृतीत हे चिन्ह कितीही ठिकाणी काढले तरी ती सर्व ठिकाणे एकाच तारेने जोडली गेली असा त्याचा अर्थ होतो. ही तार पडद्यावर दिसत नाही. सर्व अनर्थाचे मूळ या न दिसणाऱ्या तारेत आहे.

इशारा आल्यावर विद्यार्थी दुय्यम वेटोळ्याच्या खालच्या टोकास ग्राउंड जोडतो. प्राथमिक बाजूस खालीच आहे, म्हणून येथेही खाली! इशारा जातो. इथवर परिपथ अजून निर्दोष आहे, कारण बेट एकाच ठिकाणी जोडले तर परतीचा मार्ग नसल्याने त्या तारेतून धारा वाहत नाही. मात्र आउटपुटच्या धन टोकावर प्रोब ठेवला असता त्यास अपेक्षित पूर्ण तरंग दिसत नाही, कारण मोजमापाचे शून्य आता ट्रान्सफॉर्मरच्या टोकाशी आहे, रोधाच्या ऋण टोकाशी नाही. तेव्हा ‘रीडिंग नीट यावे’ म्हणून तो रोधाच्या ऋण टोकासही ग्राउंड देतो. दोन ग्राउंड म्हणजे मधली एक तार. या तारेने चारपैकी एक डायोड शॉर्ट होतो. आणखी एक डायोड प्रत्येक ऋण अर्धचक्रात ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांमध्ये थेट आडवा येतो.

या क्षणी प्रणाली काय सांगते? काहीही नाही. एकही इशारा येत नाही. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखरमूल्य सुमारे १७ व्होल्ट असते. डायोडच्या मॉडेलमधील अंतर्गत रोध समजा ०.०५ ओहम धरला आणि ट्रान्सफॉर्मर आदर्श मानला, तर त्या डायोडमधून तीनशे अँपिअरांहून अधिक धारा वाहते असे गणित सांगेल. १ एन ४००७ हा प्रयोगशाळेत सर्वत्र आढळणारा डायोड सरासरी १ अँपिअरसाठी असतो. ब्रेडबोर्डवर हा प्रकार घडता तर एव्हाना धूर निघाला असता. संगणकातील डायोड जळत नाही, कारण जळणे हे त्याच्या समीकरणात नाही. समीकरणे सुटली, मॅट्रिक्स सुस्थितीत आहे, मग तक्रार कशाची करावयाची?

आणि आउटपुट? फिल्टर कपॅसिटर असल्याने ते सुमारे १६ व्होल्टचे जवळजवळ सरळ एकदिश व्होल्टेज दिसते. विद्यार्थी समाधानी होतो, आलेख छापतो, जर्नलला चिकटवतो आणि सही घेतो. आलेख मोठा करून पाहिला तरच लक्षात येते की रिपलची वारंवारता १०० हर्ट्झ असावयास हवी ती ५० हर्ट्झ आहे, म्हणजे पूर्ण तरंगाचा रेक्टिफायर अर्ध्या तरंगाचा झाला आहे. निरुपद्रवी परिपथावर इशारा आणि विनाशकारी परिपथावर मौन, असा हा उलटा व्यवहार आहे. त्यात प्रणालीची लबाडी नाही. ती आपल्या कक्षेबाहेरचे बोलत नाही, इतकेच. परंतु ही कक्षा कोठे संपते हे ज्यास ठाऊक नाही, त्याला मौनाचा अर्थ संमती असाच वाटणार.

अभिसरण आणि सेटिंग्ज :

डायोड व ट्रान्झिस्टर यांची समीकरणे सरळ रेषेची नसतात, म्हणून स्पाइस न्यूटन-रॅफसन पद्धतीने अंदाज बांधत, तो सुधारत उत्तराकडे सरकते. डायोडच्या बाबतीत हा अंदाज किती नाजूक असतो ते आकड्यांवरूनच कळावे. स्पाइसच्या मूळ डायोड मॉडेलनुसार ०.६ व्होल्टला धारा सुमारे ०.१२ मिलिअँपिअर, ०.७ व्होल्टला सुमारे ५.७ मिलिअँपिअर, आणि १ व्होल्टला सहाशे अँपिअरांहून अधिक! पहिला अंदाज जरा चुकला की पुढचा भलतीकडेच जातो. थांबावयाचे कधी, हे ठरविण्यासाठी सहनमर्यादा असतात. सलग दोन फेऱ्यांतील व्होल्टेजचा फरक मूल्याच्या एक सहस्रांशापेक्षा, अधिक १ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी झाला म्हणजे उत्तर मिळाले असे मानले जाते. यांतील पहिल्यास ‘रेलटोल’ आणि दुसऱ्यास ‘व्हीएनटोल’ म्हणतात. धारेसाठी ‘अ‍ॅबटोल’ असते, ते १ पिकोअँपिअर. प्रत्येक जंक्शनला समांतर ‘जीमिन’ नावाची अत्यल्प वाहकता दिलेली असते. तिचा रोध काढला तर तो एक लाख कोटी ओहम भरतो.

उत्तर सहजी मिळाले नाही तर प्रणाली स्वतःच काही युक्त्या योजते. जीमिन आधी बरीच वाढवून नंतर टप्प्याटप्प्याने कमी करणे, किंवा सर्व स्रोत शून्यापासून हळूहळू चढविणे, या त्या युक्त्या होत. एनजीस्पाइस याचा सर्व वृत्तान्त छापते. एक युक्ती फसली की ‘वॉर्निंग’ म्हणून लिहिते व दुसरी यशस्वी झाली की ‘नोट’ म्हणून लिहिते. नवशिका विद्यार्थी पहिली ओळ वाचूनच घाबरतो, आणि पुढे दोन ओळींवर काम फत्ते झाल्याचे लिहिलेले असते. एलटीस्पाइसने तर या वृत्तान्ताच्या खिडकीचे नावच बराच काळ ‘एरर लॉग’ ठेवले होते. गणना पहिल्याच प्रयत्नात सरळपणे पार पडल्याची नोंदही याच खिडकीत असते. यशाची नोंद चुकांच्या वहीत ठेवली तर ती वही कोण उघडणार?

काळानुसार विश्लेषणात ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ हा संदेश सर्वांत कुप्रसिद्ध. उत्तर मिळत नाही म्हणून प्रणाली काळाचे पाऊल लहान लहान करीत जाते आणि अखेर पाऊल टाकणेच अशक्य होते, असा त्याचा आशय आहे. यावर विद्यार्थ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तोडगा म्हणजे रेलटोल ०.००१ वरून ०.०१ करणे. कित्येकदा तो लागूही पडतो. पण त्याने केले काय, हे पाहणे उद्बोधक आहे. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याचे शिखरमूल्य ३२५ व्होल्ट असते. रेलटोल ०.०१ केल्यावर त्या नोडवर सव्वातीन व्होल्टची ढिलाई चालवून घेतली जाते. त्याच परिपथात डायोडवरील ०.७ व्होल्टचा उतार दोन मोठ्या व्होल्टेजच्या वजाबाकीने मोजावयाचा असेल, तर त्या वाचनावर कितपत विसंबावे, हे वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या बाजूने, अनेक अँपिअरांच्या परिपथात १ पिकोअँपिअरचा अ‍ॅबटोल हटवादीपणाचा आहे. तो १ नॅनोअँपिअर केल्याने कोणतीही हानी होत नाही. दोन्ही बदल ‘सेटिंग’ याच सदरात मोडतात, दोन्हींनी इशारा जाऊ शकतो. परंतु त्यांची योग्यता सारखी नाही, आणि कोणताही संदेश हा भेद सांगत नाही.

याहून चांगला मार्ग पुष्कळदा मॉडेलमध्येच असतो. स्पाइसच्या मूळ डायोडला अंतर्गत रोध नाही, जंक्शनची धारिता नाही, साठलेला प्रभार नाही. तो शून्य वेळात बंद-चालू होतो. असा डायोड बाजारात मिळत नाही. त्यास उत्पादकाने दिलेले आकडे भरले, चौकोनी स्पंदाला शून्याऐवजी काही नॅनोसेकंदांचा चढ दिला, की तोच संदेश सेटिंगला हात न लावता नाहीसा होतो. येथे परीक्षकास मवाळ न करता उत्तरपत्रिका सुधारली जाते. अध्यापनाच्या दृष्टीने हाच मार्ग श्रेयस्कर आहे, जरी त्यास वेळ अधिक लागत असला आणि प्रात्यक्षिकाची तासिका तेवढी लांब नसली तरी.

गणनापद्धतीच्या निवडीतही असाच सापळा आहे. ट्रॅपेझॉइडल पद्धतीत स्विचिंगनंतर कधी कधी एकाआड एक पावलावर खालीवर होणारी खोटी आंदोलने दिसतात. ‘गिअर’ पद्धत निवडली की ती शमतात. पण गिअर पद्धत खरी आंदोलनेही शमवू शकते. ऑसिलेटरचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने ती निवडली तर आपला परिपथच मरतुकडा आहे असे त्यास वाटण्याचा संभव असतो. जाता जाता तापमानाचाही उल्लेख करावयास हवा. स्पाइस काही न सांगता २७ अंश सेल्सिअस गृहीत धरते. विदर्भातील मे महिन्यात प्रयोगशाळेत बसून हा आकडा वाचताना हसू आवरणे कठीण! डायोडचा उतार दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, म्हणजे ४५ अंशांना हा फरक ३५ मिलिव्होल्टच्या आसपास जातो.

इशाऱ्यावाचूनच्या चुका :

स्पाइसमध्ये ‘एम’ हे अक्षर मिलि दर्शविते, मग ते मोठ्या लिपीत लिहा वा लहान. मेगासाठी ‘मेग’ असे तीन अक्षरांत लिहावे लागते. छिद्रित कार्डांच्या काळात सर्व मजकूर मोठ्या लिपीतच असे, लहान-मोठ्या अक्षरांनी अर्थभेद करण्याची सोय नव्हती, त्या काळाचा हा वारसा आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला मोठा एम म्हणजे मेगा असे घोकलेला विद्यार्थी १ मेगओहमच्या जागी ‘१ एम’ लिहितो आणि त्यास मिळतो १ मिलिओहम, म्हणजे शंभर कोटी पट लहान रोध. संदेश काहीही येत नाही. ‘१ एफ’ लिहून १ फॅरडचा कपॅसिटर मागणाऱ्यास १ फेम्टोफॅरड मिळतो, कारण ‘एफ’ हे फेम्टोचे चिन्ह ठरते. परिपथ मजकूररूपात लिहिताना पहिली ओळ शीर्षक समजली जाते. तेथे चुकून एखादा घटक लिहिला तर तो परिपथातून निमूटपणे वगळला जातो. मात्र प्रारंभ-फाइल सापडली नाही अशी सूचना, जिचा विद्यार्थ्याच्या परिपथाशी बहुधा काही संबंध नसतो, ती एनजीस्पाइस ठळकपणे ‘वॉर्निंग’ म्हणून छापू शकते.

एका बाजूस निरर्थक सूचना आणि दुसऱ्या बाजूस अर्थपूर्ण मौन, अशा प्रणालीशी दोन सत्रे काढलेला विद्यार्थी इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करावयास शिकला तर त्यास सर्वस्वी दोष देता येणार नाही. नोडला दोनपेक्षा कमी जोडण्या असल्याचा इशारा पुढे येतो तेव्हा तोही तो त्याच सवयीने बाजूस सारतो. वस्तुतः हा सर्वांत प्रामाणिक इशाऱ्यांपैकी एक. पडद्यावर तार टोकाला टेकल्यासारखी दिसते, पण केसभर अंतराने सुटलेली असते, हेच तो सांगत असतो.

जर्नल आणि मूल्यमापन :

प्रश्न अखेर मूल्यमापनापाशी येऊन थांबतो. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये आकृती, निरीक्षण, आलेख व अनुमान यांना जागा असते. प्रणालीने काय सांगितले व विद्यार्थ्याने त्यावर काय केले, यास रकाना नसतो. बहिःस्थ परीक्षकही ‘आउटपुट आले का?’ एवढेच विचारतात. ब्रेडबोर्डवरील प्रयोगात हे एक वेळ चालून जाते, कारण तेथे चुकीची जोडणी स्वतःच साक्ष देते. डायोड तापतो, फ्यूज जातो, लॅब असिस्टंट धावत येतो. संगणकावर साक्ष देणारे दुसरे कोणी नाही. लॉग हाच एकमेव साक्षीदार, आणि तोही पुष्कळ गोष्टींविषयी गप्प.

यासाठी फार मोठ्या सुधारणांची आवश्यकता नाही. आलेखासोबत लॉगची छापील प्रत लावणे, बदललेल्या प्रत्येक सेटिंगपुढे तिचे मूळ मूल्य व बदलाचे कारण लिहिणे, आणि प्रत्येक डायोडमधील कमाल धारा नोंदवून ती उत्पादकाच्या मर्यादेशी ताडणे, इतके केले तरी वरील रेक्टिफायर सहीस पात्र ठरला नसता. तीनशे अँपिअर हा आकडा स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिताना कोणत्याही विद्यार्थ्याचा हात थबकेल. संदेशांच्या मराठी स्पष्टीकरणाचे कामही महाविद्यालयीन पातळीवर सहज होऊ शकते. ई-सिमसारख्या मुक्त प्रणालीत तर मूळ आज्ञावलीच सर्वांसाठी खुली आहे. मात्र ‘सिंग्युलर’ साठी पारिभाषिक प्रतिशब्द शोधण्यात शक्ती खर्च होऊ नये. ‘या नोडपासून शून्य नोडपर्यंत एकदिश धारेला वाट नाही, अथवा स्रोत आणि इंडक्टर यांचे वेटोळे झाले आहे, आधी ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू पाहा, पण तेथे एकच ग्राउंड द्या’ असे वाक्य विद्यार्थ्याच्या अधिक कामाचे आहे.